परग्रहावरचं बंड आणि कांदाचाळ

गोदातीर

मंडळी, मराठीत विज्ञानकथा पुष्कळ आहेत. पण परग्रहावरच्या समाजाचं राजकारण घेऊन चारशे-पाचशे पानं चालणारी कादंबरी मागितली की यादी लगेच संपते. नारळीकर अध्यक्ष असलेलं ९४वं साहित्य संमेलन २०२१ मध्ये आपल्याच नाशकात झालं, तरी या प्रकारात आपण मागेच. म्हणून खाली एका कादंबरीचा सांगाडा टाकतोय. तो चांगला आहे असा दावा नाही, सोलून काढा.

तारा लाल बटू, वस्तुमान सूर्याच्या निम्मं. ग्रह पृथ्वीएवढा, एकच बाजू कायम ताऱ्याकडे. वस्ती उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरच्या पट्ट्यात. वर्ष ३०० दिवसांचं, त्यात चार महिने पावसाळा. जीव कीटकांसारखे, समूहात राहणारे, त्यांची एक राणी. राजधानीत धान्याचं मोठं कोठार. दुष्काळ पडतो, अमावास्येच्या रात्री बंडखोर कोठार फोडतात, राणीला मारतात आणि राज्य कोसळतं.

विज्ञानाच्या चुका आणि राजकारणाच्या चुका, दोन्ही हव्या आहेत.

केप्लरचा_जावई

पहिल्याच ओळीत विकेट.

निम्म्या वस्तुमानाचा तारा सूर्याच्या निम्म्याने तळपत नाही, साधारण २५व्या हिश्श्याने तळपतो. पृथ्वीएवढी ऊब हवी तर ग्रह पाचपट जवळ आणावा लागेल, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.२ पट. आता सासरेबुवांचा, म्हणजे केप्लरचा, तिसरा नियम: काळाचा वर्ग = अंतराचा घन भागिले ताऱ्याचं वस्तुमान. ०.२ चा घन ०.००८, भागिले ०.५ म्हणजे ०.०१६, वर्गमूळ ०.१२६ वर्ष. तुमचं वर्ष ४६ दिवसांचं झालं. ३०० दिवस हवे असतील तर ग्रह इतका लांब जाईल की सगळा गोठेल.

हे सूत्र खरं चालतं का ते प्रॉक्सिमा सेंटॉरी या शेजारच्या ताऱ्याच्या ग्रहावर तपासून घ्या. अंतर ०.०४८५, ताऱ्याचं वस्तुमान ०.१२, उत्तर येतं ११.३ दिवस, आणि मोजलेला काळ आहे ११.२.

दुसरं, अमावास्येची रात्र. ग्रहाची एकच बाजू ताऱ्याकडे, म्हणजे सूर्य आकाशात खिळ्याला टांगलेला. रात्रच नाही हो! 'रातोरात' हा शब्दच त्या भाषेत नसेल. चार महिन्यांचा पावसाळाही गेला. ऋतू नाहीत तर हंगाम नाही, हंगाम नाही तर सारावसुलीची तारीख नाही. सरकार कुठल्या दिवशी दारात येऊन उभं राहतं हे आधी ठरवा.

तिरपा_आस

जावईबापू, सूर्य खिळ्याला टांगलेला असतो तो कक्षा पूर्ण गोल असेल तरच. कक्षा थोडी लांबट करा, विकेंद्रता (लांबटपणाचं माप, पूर्ण गोलाला शून्य) ०.१ घ्या. ग्रह स्वतःभोवती एका वेगाने फिरतो, पण कक्षेत मात्र कधी भरभर, कधी हळू. त्यामुळे ताऱ्याच्या जागेला झोका बसतो. झोका विकेंद्रतेच्या दुप्पट रेडियन, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेअकरा अंश. आपला चंद्र हेच करतो. त्याची विकेंद्रता ०.०५५, झोका सहा-सव्वासहा अंश, आणि हा झोका व त्याचा वरखालचा झोका मिळून आपल्याला त्याचा ५० नाही तर ५९ टक्के भाग दिसतो.

याचा अर्थ सीमेवर एक पट्टा तयार होतो, विषुववृत्तावर जवळपास २५५० किमी रुंद, जिथे सूर्य दर ४६ दिवसांनी उगवतो आणि मावळतो. पट्ट्याच्या मधल्या रेषेवर २३ दिवस उजेड, २३ दिवस अंधार. रेषेपासून उजेडाकडे ६ अंश, म्हणजे साधारण ६७० किमी सरकलात तर ३१ दिवस उजेड, १५ अंधार. अंधाराकडे तेवढंच सरकलात तर उलट.

गंमत अशी की असे पट्टे दोन, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. एकीकडे सूर्य वर येतो तेव्हा दुसरीकडे तो बुडतो. दोघांचे हंगाम बरोबर अर्ध्या वर्षाने मागेपुढे. दोन्ही पट्टे ध्रुवांकडे निमुळते होत जातात आणि ध्रुवापाशी भेटतात, कलिंगडाच्या दोन फोडी टोकांना चिकटलेल्या असाव्यात तशा. तुम्हाला दोन खंड हवेच होते. फुकटात मिळाले.

अंबडचा_फिटर

मस्त. पण दोन ठिकाणी ऑइल गळतंय.

एक, भरती-ओहोटीच्या ओढीने कक्षा हळूहळू गोल होत जाते. कोट्यवधी वर्षांनंतरही ०.१ टिकवायचं असेल तर शेजारी दुसरा ग्रह हवा, जो तालात धक्के देत राहील. गुरूच्या आयो उपग्रहाला युरोपा आणि गॅनिमिड देतात तसा. म्हणजे यांच्या आकाशात एक मोठा शेजारी ग्रह ठळक दिसणार. त्याचा धर्म होणार, पंचांग होणार.

दोन, विकेंद्रता जास्त ताणू नका. बुधाची ०.२ आहे आणि तो सूर्याला एकच तोंड दाखवत बसलेला नाही. दोन फेऱ्यांत तीन गिरक्या घेतो. ०.३ वगैरे लिहिलंत तर सगळा पट्टाच जाईल.

गोदातीर

३०० दिवस खोडले, अमावास्या खोडली. सूर्योदय किती वेळ चालेल?

केप्लरचा_जावई

ताऱ्याचा व्यास सूर्याच्या निम्मा, अंतर पाचवा हिस्सा, म्हणजे आकाशात तो आपल्या सूर्याच्या अडीचपट रुंद दिसेल, सव्वा अंशाहून थोडा जास्त. मधल्या रेषेवर सूर्य सरकतो दिवसाला फार तर दीड अंश. वरची कड दिसल्यापासून पूर्ण बिंब सुटेपर्यंत २० तास लागतील. ध्रुवापाशी तर तो पुरता उगवतही नाही. ८७ अंशांवर झोक्याची उंची जेमतेम ०.६ अंश, लाल कड क्षितिजावर वरखाली होत राहते. पीक शून्य.

उन्हाळकांदा

कोठाराबद्दल बोलतो, कारण सगळं राज्य त्यावर उभं केलंय आणि तीच जागा पोकळ आहे.

२३ दिवस अखंड उजेड म्हणजे ५५२ तास. आपल्या १२ तासांच्या दिवसांत मोजलं तर ४६ दिवस. तेवढ्यात मेथी निघते, कोथिंबीर निघते, मुळा कसाबसा. मुगाला ६०-६५ दिवस, गव्हाला ११०-१२०. म्हणजे मधल्या रेषेवर दाणा भरणारं पीक एका उजेडात बसत नाही. पालेभाजीवर राज्य उभं राहत नाही. मेथीच्या जुडीवर सारा कसा बसवणार? तिसऱ्या दिवशी ती पिवळी. धान्य एकाच वेळी पिकतं, मोजता येतं, वर्षभर टिकतं, गाडीत भरून नेता येतं. म्हणून पृथ्वीवरची जुनी राज्यं धान्याच्या राशीपाशी उभी राहिली.

उपाय: गड्डा. उजेडात पानं येतात, जमिनीखाली गड्डा फुगतो, अंधारात झोपतो, पुढच्या उजेडात पुन्हा फुगतो. दोन-तीन वर्षांनी, त्यांच्या वर्षांनी, काढायचा. हे विज्ञानात बसतं. पण मग साठवणीचे नियम बदलतात आणि हे लासलगाव-निफाडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. दाणा झोपलेला असतो, गड्डा श्वास घेतो. ढीग उंच केला की आत ऊब धरतो, पाणी सुटतं, सड लागते. म्हणून कांदाचाळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर, बाजूला फटी, पाखी (साठवणीचा कप्पा) अरुंद, आणि थर चार-पाच फुटांच्या वर चढवायचा नाही. एवढं सांभाळूनही चार-सहा महिन्यांत वजनातली घट, सड आणि कोंब मिळून तिसरा हिस्सा सहज जातो.

म्हणजे राजधानीतलं एकच अवाढव्य कोठार या ग्रहावर शक्यच नाही. दहा हजार टनांचा गड्ड्यांचा ढीग पंधरा दिवसांत लगदा होईल. हव्यात हजारो लहान चाळी, गावोगाव विखुरलेल्या. माल गावात, हिशोब राजधानीत. फोडायला कोठारच नाही!

मग भांडण कशावर? घटीवर. कारकून वहीत लिहितो २० टक्के घट, गाव म्हणतं ४०. मधले २० टक्के खरे सडले की रात्री (माफ करा, अंधारात) विकले गेले, हे कुणीही सिद्ध करू शकत नाही. तपासनीस चाळीच्या फटीतून कोपरापर्यंत हात घालतो. वरचे गड्डे कोरडे, साल कुरकुरते. बोटं आत गेली की ऊब लागते, मग ओल, मग हात बाहेर काढल्यावर तो आंबूस वास, नखांत काळी बुरशी. तो वहीत काय लिहितो त्यावर गावाचं पुढचं वर्ष. लाच इथे द्यायची, बंड इथून सुरू करायचं.

ज्यांना वाटतं की हे फार क्षुल्लक आहे, त्यांनी कांद्याच्या भावाने सरकार हरलं ती १९९८ ची दिल्ली आठवावी.

पंचवटीकर

वाचनखूण साठवली. आजवर कांद्याने डोळ्यांत पाणी यायचं, आता ग्रह यायला लागले. हलकेच घ्या.

अंबडचा_फिटर

दोन पट्ट्यांचे हंगाम उलटसुलट आहेत, तर एकाच्या टंचाईत दुसरा माल पाठवील आणि ध्रुवावरचं शहर जकातीवर गब्बर होईल, असं सुचलं होतं. हिशोब केला, बसत नाही.

७० अंश अक्षांशावरून ध्रुव ओलांडून पलीकडे तेवढ्यावर जायचं तर ४० अंश, म्हणजे ४४४० किमी. बैलगाडी धरा किंवा त्यांचं जे काही जनावर असेल ते, रोज २५ किमी. १७८ दिवस, त्यांची जवळजवळ चार वर्षं. गाडीत ८०० किलो. बैलजोडीला रोज १२ किलो कडबा, आणि ध्रुवाकडे चारा उगवत नाही म्हणून तोही गाडीतच. ६६व्या दिवशी गाडी रिकामी, १६५० किमीवर. पुढे नुसते बैल. त्यात परतीचा चारा धरलेलाच नाही.

तेव्हा ध्रुवावरून अन्न जात नाही. जाईल ते हलकं आणि महाग: बियाणं, धातू, औषध, पत्रं, ओलीस ठेवलेली माणसं. सॉरी, जीव.

पाटकरी

धान्य-कांदा झालं, पाणी कुणी काढलं नाही. नाशिकचा धागा आणि पाण्यावर भांडण नाही हे बरं दिसत नाही.

पाणी येणार कुठून? अंधाराच्या बाजूला बर्फाचा थर. तो पट्ट्याच्या अंधाराकडच्या कडेला वितळतो आणि उजेडाकडे वाहतो. आता तिरपा_आस यांचे आकडे यावर ठेवा. वरच्या अंगाला, बर्फाजवळ, १५ दिवस ऊन आणि सगळं पाणी. खालच्या अंगाला ३१ दिवस ऊन आणि उरलंसुरलं पाणी. एकाकडे ऊन, दुसऱ्याकडे पाणी. एवढ्यावर कादंबरी निघते, राणीबिणी नंतर.

वेळापत्रक मांडतो. मधल्या रेषेवर बिंबाचा मध्य क्षितिजावर येतो तो दिवस शून्य धरा. खालच्या अंगाला सूर्य त्याआधी ४ दिवस उगवलेला असतो, मावळतो २७व्या दिवशी. वरच्या अंगाला तो ४थ्या दिवशी उगवतो, १९व्याला मावळतो. वितळायला दोन दिवस द्या, दरवाजे उघडतील ६व्या दिवशी. दोन्ही अंगांमधलं अंतर १२ अंश, साधारण १३३० किमी. पाटातलं पाणी सेकंदाला एक मीटर वाहिलं तर दिवसाला ८६ किमी, म्हणजे पोचायला १५ दिवस. खाली पाणी लागतं २१व्या दिवशी. सूर्य मावळतोय २७व्याला. हातात सहा दिवस.

आता वरच्यांनी पाणी अडवायची गरजच नाही. पाच दिवस उशीर केला की पुरे. 'नाही' कुणीच म्हणत नाही. फाइल वर गेलेली असते, दरवाजाला वंगण लागतं, मोजणीदार आजारी असतो. पाणी २६व्या दिवशी पोचतं, पूर्ण पोचतं, आणि पीक तरीही जातं. कागदोपत्री करार पाळला गेला. अशा जागी बंड होतं.

करार कसा लिहायचा यासाठी लांब जायला नको. गंगापूर आणि वरची धरणं, खाली जायकवाडी. २०१४ चा नियम असा की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के उपयुक्त साठा नसेल तर वरून पाणी सोडायचं. एक तारीख, एक आकडा. भांडण तरीही होतं, कारण वाटेत किती मुरलं हे दोघे वेगळं मोजतात. तुमच्या ग्रहावर खालच्या तळ्यात दगडी खांब, त्यावर खाचा, आणि 'कड दिसली त्या दिवशी सातवी खाच उघडी असेल तर वरचे दरवाजे उघडा' एवढाच कायदा ठेवा. मग कुणीतरी खाचेत चुना भरतो.

दुसरा नमुना बागलाणातली फड पद्धत, म्हणजे पाटाखालची जमीन मोठ्या तुकड्यांत, फडांत, वाटून भिजवणं. मोसम, आरम, गिरणा या नद्यांवरचे बंधारे, पाटावर पाटकरी, वर हवालदार, राखणीला जागल्या. पाणी कमी झालं की प्रत्येकाच्या शेतातलं थोडं थोडं कापत नाहीत, त्या हंगामात फडच कमी भिजवतात. बऱ्याच लेखकांना ही दुसरी वाट सुचतच नाही. टंचाई म्हटली की राजा आणि तलवार.

शेवटचं: १३३० किमी कच्चा पाट घेऊ नका, निम्म्यात कोरडा पडेल. नदीचं पात्र घ्या किंवा दगडी अस्तर. उतार पाच हजारांत एक धरला तर एकूण २६६ मीटर उंचीचा फरक पुरतो.

गोदातीर

पाटकरी, दंडवत. दुष्काळ रद्द. उशीर ठेवतो.

राणीकडे कुणी बघतं का? तिला मारूनच राज्य पाडायचं होतं.

मोहोळ

राणी मारली की सगळे सैरभैर, हे या प्रकारातलं सगळ्यात झिजलेलं नाणं. मधमाश्यांच्या पोळ्यात राणी हुकूम देत नाही. ती अंडी घालते आणि वास देते. ती मेली तर वास तुटतो, काही तासांत पोळ्याला कळतं, आणि कामकरी माश्या तीन दिवसांपेक्षा लहान अळ्या निवडून त्यांना राणीचं खाणं चालू करतात. अंड्यापासून राणी व्हायला १६ दिवस लागतात, अळी आधीच असते म्हणून साधारण १२-१३ दिवसांत नवी राणी कोशाबाहेर. तोपर्यंत मध गोळा करणं चालू, पहारा चालू. कोसळणं दिसतं ते दुसऱ्या प्रसंगी: कोवळी अळीच शिल्लक नसेल तर. मग काही आठवड्यांनी कामकरी माश्या स्वतः अंडी घालू लागतात, त्यातून फक्त नर निपजतात आणि पोळं हळूहळू रिकामं होतं.

तेव्हा बंडखोर हुशार असतील तर राणीला हात लावणार नाहीत, अळ्यांची खोली ताब्यात घेतील.

आणि वास हीच राजमुद्रा समजा. राणीच्या अंगाला पुसलेलं कापड परगण्यात पाठवायचं, त्यावर हुकूम खरा की खोटा ते ठरतं. पण वास उडतो. रोज ताजं कापड लागतं, म्हणजे जिथवर एका दिवसात जासूद पोचतो तिथवरच राणीचं राज्य. त्यापलीकडे शिळ्या वासावर चालणारे सुभेदार. शिळा वास किती दिवस कायदेशीर, यावर वाद घाला. राणी मेल्यावर जुनं कापड डबीत बंद करून पुरवून पुरवून वापरणारा दिवाण, हे पात्र मला तरी हवं आहे.

निर्णय कसा होतो तेही बघा. मोहोळ उठतं तेव्हा सुमारे दहा हजार माश्या फांदीला लोंबतात, जागा शोधतात त्यातल्या काहीशे. प्रत्येकजण आपल्या जागेसाठी नाचते, चांगल्या जागेसाठी जास्त वेळ. माश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी हे मोजलं आहे: एका जागेवर एकाच वेळी २०-३० शोधक माश्या जमल्या की ठरलं. सगळ्यांची एकवाक्यता लागत नाही. आणि विरोधी जागेसाठी नाचणारीला डोक्याने टक्कर मारून गप्प करणाऱ्या माश्याही असतात. म्हणजे सभा आहे, गणसंख्या आहे, आरडाओरडाही आहे. महापालिका ओळखीची वाटली तर तो योगायोग.

शनिवारवाड्याबाहेर

वारसाचा मुद्दा मोहोळ यांनी अर्ध्यावर सोडला, तो पुढे नेतो.

३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्याचा खून. गादी चुलत्याकडे, राघोबादादाकडे जाते, पण मग कळतं की नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर आहे. बारभाईंनी, म्हणजे राघोबाविरुद्ध एक झालेल्या कारभाऱ्यांनी, तिला पुरंदरावर नेऊन गर्भाच्या नावाने कारभार चालवला. सवाई माधवराव जन्मला १८ एप्रिल १७७४ ला. काही महिने एका न जन्मलेल्या जिवाच्या नावाने राज्य, आणि सगळा डाव एकाच गर्भावर. मुलगा होईल की मुलगी, जगेल की नाही, कुणाला ठाऊक नाही. आपली आनंदवल्ली ज्या आनंदीबाईच्या नावाने ओळखली जाते, ती राघोबाची बायको, या डावाच्या हरलेल्या बाजूला.

आता हाच डाव अंडी घालणाऱ्या जिवांत मांडा. गर्भ आईबरोबर किल्ल्यावर न्यावा लागतो, अंडं टोपलीत नेता येतं. लपवता येतं, बदलता येतं, थंड जागी ठेवून जन्म लांबवता येतो. आणि अंडी एक नाही, चाळीस. प्रत्येक सरदाराकडे एक खरा वारस! बारभाई इथे एकत्र येणार नाहीत, आले तर फुटतील, कारण एकत्र राहायचं कारण म्हणजे एकुलता एक गर्भ, तोच नाही. लेखकाने आधी प्रजनन ठरवावं, मग कारस्थान. उलट केलं की शनिवारवाडाच होतो, फक्त शिंगं लावलेला.

सावाना_सभासद

नेमकं. चांगल्या कादंबऱ्या इथेच वेगळ्या पडतात. उर्सुला ले ग्विनच्या १९६९ च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मधले लोक २६ दिवसांच्या चक्रात मोजकेच दिवस नर किंवा मादी होतात, बाकी काळ दोन्ही नाहीत. एक राजेशाही, एक नोकरशाही, दोघांचं वैर त्याच शरीरातून वाढतं. निव्हन आणि पूर्नेल यांच्या १९७४ च्या कादंबरीतल्या जिवांना ठरावीक काळात गर्भ राहिला नाही तर मरण, म्हणून लोकसंख्या थांबतच नाही आणि संस्कृती पुन्हा पुन्हा कोसळते. व्हिंजच्या १९९९ च्या कादंबरीत तारा २५० वर्षांतली ३५ वर्षंच पेटलेला असतो, बाकी काळ सगळे जमिनीखाली झोपतात. झोपेच्या काळात जागं राहायची युक्ती ज्याला सापडते, त्याच्या हाती युद्ध.

कसोटी सोपी आहे. परग्रहवासीयांच्या जागी माणसं ठेवून वाचा. कथानक तसंच्या तसं चाललं तर ती ऐतिहासिक कादंबरी आहे. तिला परग्रहाचं भाडं भरायची गरज नाही.

पंचवटीकर

पण मग वाचकाला धरायला काय उरेल? सगळंच परकं केलं तर चौथ्या पानावर पुस्तक मिटतं.

सावाना_सभासद

भूक, उशीर, खोटी वही. हे कुठेही कळतं. शरीर परकं ठेवा, तक्रार ओळखीची.

रामकुंड

पंचांगाचं राहिलं. अंबडचा_फिटर यांनी शेजारी ग्रह दिलाच आहे, तर तो वापरा.

आपला सिंहस्थ गुरूवर चालतो. गुरूची फेरी ११.८६ वर्षांची, आपण धरतो १२. दर फेरीला साधारण ५१ दिवसांचा फरक साचतो. सात फेऱ्या म्हणजे ८३ वर्षं, बारा सत्ते चौऱ्याऐंशी. म्हणून मध्येच एखादा सिंहस्थ अकरा वर्षांनी येतो: १९८० नंतर १९९१, मग २००३, २०१५, आणि आता २०२६-२७. आकाश बघणाऱ्याला यात अडचण नाही. बारा मोजणाऱ्याला आहे.

तुमच्या ग्रहावर करार शेजारी ग्रहाच्या दर फेरीला नव्याने होतो असं धरा. वरच्या अंगाचे आकाश बघतात, खालचे वर्षं मोजतात. एका पिढीत फरक कळत नाही. तिसऱ्या पिढीत दोघांची करार संपण्याची तारीख एक अख्खं वर्ष पुढेमागे. त्या मधल्या ४६ दिवसांत पाण्याचा मालक कोण? दोघेही कागद दाखवतात, दोघांचेही खरे.

मानाचं तेच. स्नानाला आधी कोण यावरून अठराव्या शतकात इथे साधूंच्या लढाया झाल्या. शेवटी शैव त्र्यंबकला, वैष्णव नाशिकला अशी जागाच वाटून दिली. क्रम लावता आला नाही तर जागा वेगळी करायची, ही राजकारणातली जुनी युक्ती. तुमच्याकडे दोन पट्टे आहेतच.

गोदातीर

सगळं जमवून नवा सांगाडा. अजून कच्चा आहे.

वर्ष ४६ दिवसांचं, विकेंद्रता ०.१, आकाशात शेजारी ग्रह. वरचं अंग पाण्याचं, खालचं उन्हाचं, मधल्या रेषेवर राजधानी. साठा गावोगावच्या चाळींत. करार सातव्या खाचेचा.

दिवस उणे ४: खाली सूर्य उगवतो. दिवस शून्य: तळ्याची मोजणी, सातवी खाच उघडी. दिवस ६: दरवाजे उघडायला हवेत, उघडत नाहीत, वरचे म्हणतात करार मागच्याच वर्षी संपला. दिवस ८: राणी मरते, कारण म्हातारपण. दिवाण कापड डबीत भरतो. दिवस ११: दरवाजे उघडतात, शिळ्या वासाच्या हुकुमावर. दिवस १२: मधल्या रेषेवरचे चाळ-तपासनीस वहीत खरी घट लिहून टाकतात, सगळेच्या सगळे, एका दिवशी. लिहिलेल्या साठ्यातला चौथा हिस्सा कागदावरून गायब. सरकारकडे फौजेला द्यायला काही नाही हे फौजेला वहीतून कळतं. दिवस २०-२१: अळ्यांच्या खोलीतून नवी राणी बाहेर येते, पण कुणाच्या ताब्यात ते मला सुचलेलं नाही. दिवस २६: पाणी खाली पोचतं. दिवस २७: सूर्य मावळतो.

रक्तपात जवळजवळ नाही. चालेल ना?

उन्हाळकांदा

चालेल. फक्त एका दिवशी सगळ्यांनी खरी घट लिहिणं हे आपोआप होत नाही. तपासनीस एकमेकांना ओळखतात कसे, ते दाखवा. तराजू दुरुस्त करणारा गावोगाव फिरतो, त्याच्याकडून निरोप. सरकारी तराजूची दुरुस्ती सरकारनेच बंधनकारक केलेली असते, त्यामुळे त्याला कुणी अडवत नाही.

मोहोळ

नवी राणी तपासनिसांकडे देऊ नका, पाटावरच्या लोकांकडे द्या. अळीला ऊब लागते आणि दिवस १९ नंतर वर अंधार आहे. तिला जगवायची तर खाली उजेडाकडे न्यावीच लागेल, जासूद असोत की चोर. तिला घेऊन निघणारा पाण्याबरोबरच प्रवास करतो, दिवसाला ८६ किमी. होडी द्या.

पाटकरी

होडी दिली तर वाटेतले दरवाजे कुणीतरी उघडायला हवेत. प्रत्येक दरवाजावर एक जागल्या, प्रत्येकाला डबीतलं कापड हुंगवायचं. डबी कितव्या दरवाजाला संपते ते ठरवा.

केप्लरचा_जावई

छोटी दुरुस्ती. २० तासांचा सूर्योदय फक्त मधल्या रेषेवर. ६ अंशांवर सूर्य आणखी हळू सरकतो, तिथे जवळपास २४ तास लागतील. तपासनीस आणि तराजूवाला 'सूर्य उगवताना भेटू' असं ठरवणार असतील तर कड दिसताना की बिंब सुटताना ते आधी बोलून घ्या. नाहीतर एकजण दिवसभर चाळीपाशी उभा राहील आणि पकडला जाईल.

गोदातीर

पकडला जाऊ दे. तेच तिसरं प्रकरण.